तळं बुजवायचं नाही, पण कठडा होणारच

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तळ्यात मासे दिसल्याचं सांगताना बाबांचा आवाज इतका खुलला होता की मला जे सांगायचं होतं ते तसंच राहिलं. म्हणून लिहायला बसले.

आधी काय ठरलंय ते सांगते. तळं बुजवायचं नाही. ताईलाही पटलंय. पण तळ्याभोवती कंबरेएवढा कठडा आणि काठाला खडबडीत फरशी, हे काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. कारागिराशी बोलणं झालंय, पैसेही दिलेत, तेव्हा आता नको म्हणू नका. तुम्हाला आधी विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, उगीच खर्च कशाला, आणि आई म्हणाली असती, आम्ही जातोच कुठे तिकडे. पण बाबा, मासे दिसल्यापासून तुम्ही सकाळ-संध्याकाळ काठाशी वाकून उभे असता, हे आईने न सांगताही कळतं. गेल्या पावसाळ्यात शेवाळावरून पाय सरकला, तेव्हा कमरेची सूज किती दिवस उतरली नव्हती ते आठवा. तळं बुजवायचा विषय तेव्हाच निघाला होता. आज तुम्हाला तिथे इतका आनंद सापडलाय, तर तो मी मातीखाली घालणार नाही. फक्त धरायला काहीतरी हवं.

आता मासे. आईने पाठवलेला फोटो मी मोठा करकरून पाहिला. कुमुदिनीच्या पानाखाली, बोटाच्या पेराएवढे, पाठ काळपट हिरवी, आणि एक जरा वळलाय तिथे कुशीवर पितळेसारखी झाक. जुने गोल्डफिश गेल्यापासून तळ्यात आपण काहीच सोडलं नव्हतं, म्हणून बाबांना नवल वाटणं साहजिक आहे. मला वाटतं ते कुमुदिनीबरोबर आले. गोल्डफिशची अंडी चिकट असतात, पाण्यातल्या झाडांच्या मुळांना आणि पानांना धरून राहतात, आणि पाणी उबदार असेल तर आठवड्याच्या आत फुटतात. रोप ज्यांच्याकडून आणलं त्यांच्या टाकीत मासे होते का, ते बाबांनी विचारावं. रंगावर जाऊ नका. गोल्डफिशची पिल्लं जन्मतः सोनेरी नसतात, अशीच मळकट असतात, रंग काही महिन्यांनी चढतो, काहींना चढतही नाही.

पक्ष्यांनी आणले असतील हे बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलेलं नाही. पायाला चिकटून अंडी येतात असं सगळे म्हणतात, त्याला भक्कम पुरावा फारसा नाही. पण हंगेरीतल्या संशोधकांनी बदकांना कार्प जातीच्या माशांची अंडी खाऊ घातली, तर त्यांतली साधारण 0.2 टक्के विष्ठेतून शाबूत बाहेर पडली आणि काही फुटलीसुद्धा. 2020 सालची गोष्ट आहे. म्हणजे अशक्य नाही. आईला वाटतं तसं कुणी पोरांनी गुपचूप आणून सोडले असतील, हेही होऊ शकतं. गप्पी असतील तर एकच मादी पुरते, कारण ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि एकदा नर भेटला की पुढे कित्येक महिने तिला पिल्लं होत राहतात.

आई, तुझी नजर चांगली आहे, तू बघ. तोंडाच्या कडेला बारीक मिशा असतील तर कार्प किंवा कोय, म्हणजे शोभेचा रंगीत कार्प, नसतील तर बहुधा गोल्डफिश. शेपटीकडे पोटाशी काळा ठिपका असेल तर गप्पीची मादी. खुर्ची घेऊन बस, उभ्याने नको, गुडघा धरेल.

बाबा, मी लहान असताना बेडकाची पिल्लं बघायला याच काठावर पालथी पडायचे आणि तुम्ही मागून माझा फ्रॉक मुठीत घट्ट धरून ठेवायचात. किती वेळ ते मला कळायचंही नाही. तुमचा हात भरून येत असेल, पण तुम्ही कधी "चल आता" म्हणाला नाहीत. कठडा तसाच समजा. तेव्हा तुम्ही धरलंत, आता मला धरू द्या.

आता नीट ऐका. माशांना सध्या काही घालू नका, शेवाळ आणि डासांच्या अळ्या त्यांना पुरतात. घालायचंच झालं तर दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट, उरलेलं कुजून पाणी नासतं. तळं उपसून धुवायचं नाही. पाणी कमी झालं तर नळाचं थेट सोडू नका, त्यातलं क्लोरीन बाधतं. ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवून मग पाइपने हळूहळू सोडा. बादल्या बाबांनी उचलायच्या नाहीत, म्हणजे नाहीत. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर पाण्यात प्राणवायू कमी पडलाय, तेव्हा ड्रममधलं पाणी उंचावरून बारीक धारेने पडू द्या. आणि खूप झाले तरी नदीनाल्यात नेऊन सोडू नका, तिथल्या माशांना आणि बेडकांना ते जड जातं. मला कळवा, मी बघेन.

ओल्या सिमेंटचं पाणी तळ्यात उतरलं तर चुन्याने मासे मरतील, म्हणून कारागिराला काम चालू असताना तळ्यावर प्लास्टिक ताणून ठेवायला सांगितलंय, हवेसाठी एक बाजू उघडी ठेवून. त्याच्याकडे लक्ष ठेवा, पण लांबून, व्हरांड्यातून. धूळ उडेल, आईने खिडक्या लावून घ्याव्यात. दुपारच्या झोपेच्या वेळी ठोकाठोक करायची नाही असं बजावलंय. झोपमोड झालीच तर मला लगेच फोन करा, त्याला बोलू नका, बाबांचं बीपी वाढतं.

काठाला जाताना रबरी तळव्याच्या चपला, स्लीपर नाही. गोळ्या वेळेवर. आणि मिशा आहेत की नाहीत, तेवढं उद्या सकाळी उजेडात बघून फोटो पाठवा, तोंडाकडून काढलेला.

तुमची,
धाकटी