खालच्या मजल्यावरच्या काकूंना, वरून साष्टांग

तीर्थस्वरूप काकू,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही 'पोहे घे' म्हणून विषय बदलता. दोनदा झालंय.

दीड वर्षापूर्वी तुम्ही पहिल्यांदा वर आलात तेव्हा हातात स्टीलचा एक डबा होता. "हा फडताळात रोज रात्री नऊला किणकिणतो," एवढंच म्हणालात. काकांची बायपास नुकतीच झालेली, ते लवकर झोपायचे. आणि ऑफिसातून कर्वेनगरला पोचून जेवून तबल्यावर बसायला मला नऊ वाजायचेच. त्यावर मी तुम्हाला काय ऐकवावं? की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र दहाला सुरू होते. आजही आठवलं की मान खाली जाते.

मग मी डोकं लढवलं. आधी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. झुरळं झाली. ते काढून दोन इंची फोम लावला, पगाराचा बराच भाग त्यात गेला. खोली अशी मुकी झाली की तबल्याची आस, म्हणजे बोलामागे रेंगाळणारी गुंज, मेलीच. 'ना' हा बोल वाजला की जागेवर विझायचा. मला वाटलं, जिंकलो! खाली तुमचा डबा किणकिणतच होता.

फोम खोलीतला घुमारा शोषतो, आवाज बाहेर जायचा थांबवत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तुम्ही ते ऐकवून पटवलंत. "तुझ्या मित्राला वर वाजवायला बसव आणि तू खाली येऊन बस." तुमच्या देवघरापाशी बसून ऐकलं, तर चाटीचा, म्हणजे उजव्या तबल्याच्या कडेवरचा, 'ना' औषधालाही नाही. फक्त डाव्या डग्ग्याचा 'घे'. धा म्हणजे 'ना' आणि 'घे' एकत्र; तो वाजवला की त्यातला निम्माच धा छतातून खाली उतरायचा. १०० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. डग्ग्याच्या त्या घुमाऱ्याला दोन इंचांचा फोम कुठला पुरा पडायला!

आणि मग तुमची वही. तीस वर्षं बँकेत कॅश सांभाळलेल्या बाईची वही कशी असते ते मी त्या दिवशी पाहिलं. तीन रकाने: वेळ, वर काय बदललं, खाली काय ऐकू आलं. रोज रात्री मी फोनवर सांगायचो, "काकू, आता गादीवर," आणि तुम्ही लिहायचात. 'दार बंद: फरक नाही. जाजम: फरक नाही. डग्गा मांडीवर घेऊन: जवळजवळ नाही.' या शेवटच्या नोंदीने चोर सापडला. आवाज हवेतून येत नव्हता, डग्गा थेट फरशीला धक्के देत होता आणि स्लॅब तुमच्या भिंतींपर्यंत ते पोचवत होता.

"डग्ग्याखाली चुंबळ असते ना, तशी आख्ख्या खोलीखाली घाल की," हे वाक्य तुमचं. मी हसलो होतो. कापडाची चुंबळ दाबून दाबून घट्ट होते, ती डग्गा डळमळू नये म्हणून असते. पण कल्पना अगदी बरोबर होती. वर जड, खाली मऊ. सुतारमामांनी १९ मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर आडवे-उभे जोडून चौथरा केला, खाली मऊ रबराचे ठोकळे, मधल्या पोकळीत रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), आणि चहूबाजूंनी भिंतीपासून बोटभर फट. पहिले ठोकळे फारच कडक निघाले. तुम्ही लिहिलंत, 'किंचित कमी.' ते बदलले. मग एका शनिवारी नोंद आली: 'पुन्हा पूर्वीसारखं. काय केलंस?'

मी काहीच केलं नव्हतं. चौथरा हलतो म्हणून मामांनी कडेला दोन स्क्रू मारून तो भिंतीला पक्का केला होता. चांगल्या मनानेच. पण त्या दोन स्क्रूंवरून डग्गा पुन्हा तुमच्या फडताळात उतरला. हे मला वर बसून सात जन्मांत कळलं नसतं. स्क्रू काढले, रविवारी वहीत फक्त 'ठीक'.

बाकीचं तुलनेने सोपं होतं. सरकत्या खिडकीच्या आत सहा मिलिमीटर काचेची दुसरी खिडकी, मध्ये वीतभर जागा. दाराखालून बोट जाईल एवढी फट होती. जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो, मग भिंत कितीही जाड असो. तिथे लाकडी उंबरठा बसवून रबर लावलं. बिल्डरने आतल्या खोल्यांचे उंबरठे काढून टाकले यावर तुमचं जे म्हणणं होतं ते इथे लिहीत नाही. अर्धा फोमही उतरवला, त्या जागी पुस्तकांचं कपाट आणि आईची गोधडी आली. तबला पुन्हा बोलतो.

खोली इतकी बंद झालीय की अर्ध्या तासात घामाच्या धारा लागतात. एसी आतलीच हवा फिरवतो, शिवाय त्याच्या कोरड्या हवेने पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ताणून सुरात चढते आणि बाजूच्या लाकडी गट्ट्यांवर हातोडी चालवत बसावं लागतं. दर वीस मिनिटांनी दार उघडून थोडं बसतो. तेव्हा वाजवत नाही, शपथ.

काका परवा जिन्यात भेटले. "हल्ली सुट्टी घेतलीस का?" म्हणाले. तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहून हसत होतात.

तुमचा लाडवांचा डबा माझ्याकडेच आहे. रिकामा परत करायचा नसतो, म्हणून रविवारी चकल्या घालून आणतो. वहीही आणतो, अजून बरीच पानं कोरी आहेत. या पावसात आतल्या खिडकीचं रबर एका कोपऱ्यात सुटलंय असं वाटतं. मंगळवारी नऊनंतर तबल्याचा 'ता' ऐकू आला तर तेवढं टिपून ठेवा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा