तात्यांच्या कानाचं आधी बघा

नाशिक

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

तात्या इथे एकटे पडलेत म्हणून त्यांना पुण्याला तुमच्याकडे न्यायची घाई करू नका. इथल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज हात वर करणारी माणसं, ठरलेला दूधवाला, हे सुटलं आणि तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की बंद फ्लॅटमध्ये ते जास्तच एकटे पडतील.

आधी कान तपासून घ्या. टीव्हीचा आवाज वाढलाय, फोनवर भलतंच उत्तर येतं, चारचौघांत ते गप्प बसतात. लोकांना वाटतं, माणूस तिरसट झाला. डॉक्टरांकडून कानातला मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. कमी ऐकू येणं आणि माणसांतून तुटणं, दोन्हींनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, म्हणून हे दिवाळीवर ढकलू नका.

कानाचं मशीन घेतलं तरी ते बऱ्याच घरांत ड्रॉवरमध्येच पडतं. पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये घातलं की भांडी, खुर्च्या, बँड सगळं एकदम डोक्यात घुसतं. पहिला आठवडा घरीच, पंखा बंद करून, रोज तासभर, एकाच माणसाशी बोलताना घालू दे. मग दोन तास, मग बाहेर. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. मशीनच्या बटणसेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मगच तो बसवायचा, कारण तो हवेवरच चालतो. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवायचं. पावसाळ्यात मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत.

तुझा फोन म्हणजे सध्या हजेरी आहे: जेवलात का, गोळी घेतली का. त्यापेक्षा त्यांच्याकडे काम माग. तुमच्या अर्णवला विभक्ती शिकवायचं काम दे, रोज रात्री आठला, वीस मिनिटं. वेळ चुकवू नका. वाट बघायला लावलेला फोन फार लागतो. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथून दर बुधवारी माझं पुस्तक बदलून आणायला मी त्यांना सांगते. कुणासाठी तरी घराबाहेर पडावं लागणं, औषधाइतकंच ते गरजेचं आहे.

एकटेपणा आणि नैराश्य मात्र एक नव्हे. पहाटे तीनला जाग, कपडे सैल, क्रिकेटमध्येही मन नाही, असं दोन आठवडे चाललं तर 'वयाचंच आहे' म्हणू नका. या वयात रडण्याऐवजी अंगदुखी, पोटाची तक्रार, विसरभोळेपणा हेच पुढे येतं. थायरॉइड आणि बी-१२ बघा, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नैराश्याच्या गोळ्यांचा पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत फरक नाही म्हणून बंद करतात, तिथेच फसतं.

'आता जगून काय करायचं' असं बोलले तर विषय बदलू नकोस. सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तसं मनात येत नाही, उलट कोंडलेलं बाहेर पडतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ नंबर रात्रीही चालू असतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटव.

शनिवारी येशील तेव्हा कानाच्या डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेव.

तुझी,
आई