टँकर उलटल्याच्या बातमीत पाटीवरचा आकडाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई-गोवा महामार्गावर टँकर उलटला की दुसऱ्या दिवशी ठरावीक बातमी येते : ‘गॅसचा टँकर उलटला, वाहतूक ठप्प.’ रांग कुठपर्यंत गेली, गाड्या कुठून वळवल्या, हे सगळं बातमीत असतं. टँकरमध्ये नेमकं काय होतं, हे मात्र बहुधा नसतं. एलपीजी (स्वयंपाकाचा गॅस), एलएनजी (अतिथंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू), सीएनजी (दाबाखाली भरलेला नैसर्गिक वायू) हे सगळं ‘गॅस’ या एका शब्दात जातं. टँकर पडला त्या वाडीतल्या माणसाने वर सड्याकडे (कातळाच्या पठाराकडे) निघायचं की खाली वहाळाकडे (ओढ्याकडे), आग विझवणाऱ्याने पाणी मारायचं की नाही, हे त्या एका माहितीवर ठरतं. ती माहिती टँकरवरच्या पाटीवर लिहिलेली असते, म्हणून हे पत्र.

आपल्या किनाऱ्याला तेल नवीन नाही. १९७४ मध्ये मुंबईपुढच्या समुद्रात मुंबई हाय इथे तेल लागलं, १९७६ पासून ते काढलं जाऊ लागलं. सुरुवातीला ते जहाजांत भरून आणत. पुढे समुद्राच्या तळावरून नळ टाकला आणि तेल थेट उरणला येऊ लागलं. उरणला त्यात विरघळलेला वायू आधी वेगळा काढतात, नाहीतर साध्या टाकीत तो सतत सुटत राहील. मग तेल नळानेच ट्रॉम्बे-माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जातं. परदेशी कच्चं तेल आणणारी जहाजं मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीप या बेटाला लागतात आणि तिथूनही माहुलपर्यंत पाण्याखालून नळच आहे. तयार झालेलं पेट्रोल-डिझेल पुन्हा नळाने मनमाडकडे जातं, तसंच घाट चढून पुणे, सोलापूर आणि सांगली जिल्ह्यातल्या हजारवाडीपर्यंत पोचतं.

एकाच नळातून आधी डिझेल, त्यामागून पेट्रोल असे लोट ढकलतात आणि मध्ये पडदा नसतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. प्रवाह जोरात असेल तर दोन्हींची सरमिसळ नळाच्या लांबीच्या मानाने थोडीच होते. पलीकडच्या टोकाला घनता सतत मोजतात. ती बदलू लागली की मिसळलेला भाग वेगळ्या टाकीत वळवतात. घोटाळा होतो तो प्रवाह थांबला की. त्यातही चढणीवर जड डिझेल वरच्या बाजूला आणि हलकं पेट्रोल खालच्या बाजूला अशा स्थितीत नळ थांबला, तर दोन्ही एकमेकांत शिरत जातात आणि वाया जाणारं मिश्रण वाढतं. बाकी नळाला खरा धोका तीनच गोष्टींचा : गंज, चोरी आणि विचारल्याशिवाय चालवलेला जेसीबी. १९६२ च्या कायद्याप्रमाणे नळाच्या पट्ट्यात घर बांधायला, विहीर खणायला, झाड लावायला बंदी आहे. ती या जेसीबीसाठीच.

ही सगळी सोय उत्तरेची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पेट्रोल-डिझेलचा नळ नाही. दाभोळहून निघणारा नळ आहे, पण तो नैसर्गिक वायूचा. म्हणजे तेल नळातून सुखाने घाट चढून जातं आणि आपल्या पंपावर येताना टँकरमधून घाट उतरतं. स्वयंपाकाच्या गॅसचे मोठे बुलेट (लांबट, गोल टाकीचे) टँकर महामार्गावरून दोन्ही दिशांना धावतात, त्यात जयगड-निवळी रस्त्यावरच्या टँकरांची भर. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून एलपीजीचा टँकर काजळी नदीत कोसळला तेव्हा महामार्ग बंद ठेवावा लागला होता. हातखंबा-निवळी पट्ट्यात त्यानंतरही असे प्रकार घडले आहेत.

टँकर उलटतो याचं खापर दर वेळी चालकावर फुटतं. द्रव माल स्थिर नसतो, ही गोष्ट त्यात विसरली जाते. पेट्रोल-डिझेलचा टँकर कप्प्याकप्प्यांचा असतो. भरलेला कप्पा शांत राहतो, अर्धवट कप्प्यातलं तेल वळणावर एका अंगाला धावतं. एलपीजीच्या बुलेटला असे कप्पे नसतात, आत फक्त लाट अडवणाऱ्या भोकांच्या पट्ट्या असतात. शिवाय तो काठोकाठ भरताच येत नाही. द्रवरूप गॅस उन्हाने फुगतो, म्हणून साधारण पंधरा टक्के जागा रिकामी ठेवावी लागते. सतरा-अठरा टन माल, उंच गुरुत्वमध्य, आत हलता द्रव आणि पुढे चौपदरीकरणाच्या अर्धवट कामामुळे अचानक आलेलं वळण किंवा दोन रस्त्यांमधली पायरी. घाटउतारावर ब्रेक तापले असतील तर हे गणित फार लवकर बिघडतं.

आता पाटीविषयी. घातक माल नेणाऱ्या प्रत्येक टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक चौकटी पाटी असणं नियमाने सक्तीचं आहे. तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो. पाटीवर हे आकडे इंग्रजीत असतात : १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १२२३ रॉकेल, १८६३ विमानाचं इंधन, १२६७ कच्चं तेल, १०७५ एलपीजी, १९७२ एलएनजी, १९७१ सीएनजी. त्याच्या वर एक छोटा संकेत असतो. त्यातला पहिला अंक आग विझवणाऱ्यासाठी : २ असेल तर पाण्याचा फवारा, ३ असेल तर फेस. शेवटी ‘ई’ हे अक्षर असेल तर लोकांना हलवण्याचा विचार करा, असा त्याचा अर्थ. पेट्रोलच्या टँकरवर ‘३वायई’ दिसतं ते यामुळे. पाटीवर तज्ज्ञाचा दूरध्वनी क्रमांकही असतो. चालक बेशुद्ध असला, त्याची भाषा वेगळी असली, तरी पाटी बोलते. मात्र ती लांबून वाचावी, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून. जवळ जाऊन फोटो काढू नये.

एलपीजी हवेपेक्षा जड. सुटला की उताराने जातो आणि पऱ्यात, गटारात, विहिरीत, पुलाखाली साचतो. एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू होतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेट घेतो. कोकणातली घरं बहुधा रस्त्याच्या खालच्या अंगाला, वहाळाच्या कडेने असतात, म्हणून आपल्याकडे हा वायू जास्त घातक. वास आला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला व्हा आणि मग वर सड्याकडे चला. चूल, देवाजवळचा दिवा विझवा, पण विजेचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. मोटारसायकल सुरू करून पळू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये केरळात कण्णूरजवळ चाला इथे उलटलेल्या टँकरमधला गॅस आसपासच्या घरांपर्यंत पसरला आणि मग पेटला. वीसच्या आसपास माणसं गेली. नुसती गळती असेल तरी सगळ्या बाजूंनी १०० मीटर मोकळं करायचं आणि गळती मोठी असेल तर वारा वाहत जातो त्या बाजूला ८०० मीटर. टँकरलाच आगीची झळ लागत असेल तर १६०० मीटर, सगळ्या बाजूंनी. आतला द्रव उकळतो, द्रवाच्या वरचा पत्रा तापून मऊ पडतो आणि टाकी फुटते. सुरक्षा झडपेतून गॅस निघतोय म्हणजे धोका टळला, असं समजू नये. झडपेचा आवाज वाढत चालला असेल तर अग्निशमन जवानांनीही मागे हटावं.

एलएनजीची रीत वेगळी. तो उणे १६२ अंशांवर द्रवरूपात ठेवलेला असतो आणि त्याला वास नसतो. वास आला नाही म्हणून निर्धास्त राहणारा माणूस इथे फसतो. दिसतं ते पांढरं धुकं. आरंभी गार वायू जमिनीला धरून पसरतो, ऊब मिळाली की वर जातो. सांडलेल्या एलएनजीच्या डबक्यावर पाणी कधीही ओतू नये. पाण्याच्या उबेने तो भडाभडा वायू होतो आणि ढग मोठा होतो. सीएनजी आधीच वायू, सिलिंडरांच्या रांगेत दोनशे-अडीचशे पट दाबाखाली भरलेला. तो सुटला तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि उघड्यावर तो वर निघून जातो. पत्र्याच्या शेडखाली किंवा बोगद्यात मात्र छताशी साचतो.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं. जुलैतल्या पावसात टँकर कलंडला तर ते गटाराने पाव मैल लांब जाऊन तिथे पेटू शकतं आणि ज्योत उलट टँकरकडे धावते. नुसत्या पाण्याने ही आग विझत नाही, फक्त पसरते. फेस लागतो, तोवर वाळू-मातीचे बांध घालून तेल अडवायचं आणि वहाळात जाऊ द्यायचं नाही. बादल्या-कळशा घेऊन धावणाऱ्यांना हात जोडून सांगतो की थांबा. जून २०१७ मध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ सांडलेलं पेट्रोल गोळा करायला जमलेल्या गर्दीत आग लागून दोनशेहून जास्त माणसं मेली. डिझेल सहजी पेटत नाही, पण रस्ता निसरडा करतं आणि विहिरीत गेलं तर ते पाणी बराच काळ पिता येत नाही. ‘रिकामा टँकर होता’ असंही बातमीत असतं. पेट्रोल उतरवून परतणाऱ्या टँकरमध्ये वाफ भरलेली असते आणि तिला हवा मिळाली की ती भरल्या टँकरपेक्षा लवकर स्फोट करू शकते.

महामार्ग तासन्‌तास का बंद ठेवतात, यावर प्रवाशांचा राग असतो. भरलेला गॅस टँकर क्रेनने ओढायचा नसतो, झडपांची तोंडं तुटली तर सगळा माल एकदम बाहेर येतो. म्हणून तेल कंपनीचं बचाव वाहन येतं, गॅसमापक लावून हवा तपासली जाते, दुसरा रिकामा बुलेट शेजारी उभा करतात, दोघांनाही भूजोडणी करतात (ठिणगी पडू नये म्हणून तारेने जमिनीला जोडतात). मग एका होजने (लवचीक नळीने) वायूचा दाब आणि दुसऱ्याने द्रव असा माल हळूहळू पलीकडे घेतात. उलट्या पडलेल्या टाकीत द्रव आणि वायूच्या तोंडांची जागा बदललेली असते, त्यामुळे हे काम आणखी सावकाश होतं. मग टाकी नायट्रोजनने धुऊन उचलतात. दहा-बारा तास त्याला लागतातच. घाई करा, असा दबाव लोकप्रतिनिधींनी आणू नये, ही आमची कळकळीची विनंती.

समुद्राबद्दल थोडक्यात. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि तेल खारफुटीत शिरलं. यातलं ‘चित्रा’ कंटेनरचं जहाज होतं. सांडलं ते त्याचं स्वतःचं इंधन. तेव्हा तेल सांडायला तेलवाहू जहाजच लागतं असं नाही. दर पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळेही दूरवर सांडलेल्या किंवा टाक्या धुऊन टाकलेल्या तेलाचेच असतात.

मागणी दोन गोष्टींची. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते आहे. पेट्रोल-डिझेलच्या एका वाघिणीत सुमारे ७० किलोलिटर माल मावतो, म्हणजे पन्नासएक वाघिणींच्या एका गाडीत २४ किलोलिटरच्या दीडशेच्या आसपास टँकरांचा माल. त्यासाठी सहाशे-साडेसहाशे मीटर सरळ, सपाट सायडिंग (मुख्य मार्गाच्या बाजूचा रूळ) आणि भूजोडणीसह उतरवण्याची सोय लागते. कातळ फोडून अशी जागा काढणं खर्चिक आहे, तरीही दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एक डेपो रेल्वेच्या कडेला मागावा. रिफायनरी हवी की नको या वादात हा साधा प्रश्न कुणी विचारतच नाही.

दुसरी मागणी आपल्याकडे. टँकर उलटल्याच्या प्रत्येक बातमीत पाटीवरचा चार आकडी क्रमांक छापावा आणि तो वार्ताहराने लांबूनच पोलिसांकडून घ्यावा. पावसाळ्यापूर्वी एकदा, जमल्यास पहिल्या पानावर, पाटीचं मोठं चित्र आणि वरचे आठ क्रमांक द्यावेत. महामार्गालगतच्या ग्रामपंचायती ते कात्रण फलकावर लावतील. शेजारी ११२, अग्निशमनाचा १०१ आणि एलपीजी गळतीसाठीचा १९०६ हेही क्रमांक असू द्यावेत.

आपले,
इंधन वाहतुकीत काम केलेले काही वाचक,
रत्नागिरी