रेडबसच्या फणींद्र सरांना, निपाणीच्या तिकीट काउंटरवरून

फणींद्र सामा सर, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी निपाणीची. बेळगाव जिल्ह्यातलं, पुणे-बेंगळूर हायवेवरचं आमचं गाव, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की लगेच महाराष्ट्र लागतो. बाबांचं इथं ट्रॅव्हल्सच्या बुकिंगचं काउंटर आहे, शाळेत असल्यापासून मी संध्याकाळी तिथं बसायची आणि आता अर्ध्याच्या वर काम मीच बघते. तुम्ही बसची तिकिटं ऑनलाइन देणारी रेडबस काढली, म्हणून त्या काउंटरकडून तुम्हाला आणि तुमच्यासोबत ती काढणाऱ्या सुधाकर पसुपुनुरी सरांना आणि चरण पद्मराजू सरांना आभार कळवायचेत. तुम्हा तिघांचं कौतुक खूप जणांनी केलंय पण ते सगळं प्रवाशाच्या बाजूनं, काउंटरच्या आतून कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचण्यात नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

तुमची गोष्ट आता बिझनेस शिकणाऱ्या पोरांना तोंडपाठ असते. २००५ ची दिवाळी, तुम्ही बेंगळूरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये इंजिनियर, सणाला घरी जायचंय आणि एकेका एजंटाकडं फिरून पण बसचं तिकीट मिळेना, शेवटी जाणंच राहिलं. मग पिलानीच्या बिट्स या इंजिनियरिंग कॉलेजातले तुम्ही मित्र एकत्र बसला आणि २००६ मध्ये रेडबस सुरू केली. सर, तुम्ही ज्या एजंटांच्या दारात फिरला ना, तसलेच एक एजंट माझे बाबा. गोष्ट सांगणारे एजंटाला जरा व्हिलनच करून टाकतात ते मला लागतं, कारण "सीट नाही" म्हणणाऱ्या माणसाला पण खरं काय ते माहीत नसायचं हो.

तेव्हा कसं चालायचं बघा. गाडीचा चार्ट म्हणजे एक कागद, तो मालकाच्या ऑफिसात, क्लार्कच्या पुढ्यात. प्रत्येक एजंटाला ठरलेल्या चार-पाच सीटा, त्या संपल्या की फोन लावायचा, फोन एंगेज, परत लावायचा, गिऱ्हाईक समोर बाकड्यावर बसलेलं. लागला तर क्लार्क म्हणणार थांबा बघून सांगतो. तोपर्यंत दुसऱ्या गावच्या एजंटानं तीच सीट दिलेली असायची आणि मग रात्री गाडीत एका सीटसाठी दोघं जण उभे राहून भांडायचे, आणि दुसऱ्या दिवशी शिव्या बाबांना. दुसऱ्या एजंटाच्या कोट्यातल्या सीटा मोकळ्या राहून गाडी अर्धी रिकामी गेलेली पण आम्ही बघितलीय, त्याच दिवशी आम्ही गिऱ्हाईक परत पाठवलेलं असायचं. आणि परतीचं तिकीट तर विसराच, ते बेंगळूरला गेल्यावर तिथल्या तिथं बघायचं.

त्यात आमचं गाव मधलं. हे पुण्या-बेंगळूरातल्या लोकांना सांगून कळत नाही. जिथनं गाडी सुटते तिथं मान असतो, आम्ही निपाणी, संकेश्वर, बेळगाववाले रस्त्यातले. बेंगळूरातनं संध्याकाळी सुटलेली मुंबईची गाडी आमच्यापर्यंत यायला पहाट होते, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत जाणारा पॅसेंजर सोडून मधल्या गावाला सीट राखून ठेवायला कोण बसलंय. म्हणून आमची माणसं बॅगा घेऊन हायवेला उभी राहायची, गाडी आली की हात करायचा, क्लीनर दारातनं बोटं दाखवणार दोन आहेत, एक आहे, नाहीतर थांबणारच नाही. बायका-पोरं घेऊन, थंडीत. तरणी पोरगी एकटी पुण्याला नोकरीला निघाली की तिचा बाप हमखास सोबत यायचा आणि गाडीत बसेपर्यंत हलायचा नाही.

तुम्ही नेमकं काय केलं ते मला माझ्या शब्दात सांगायचंय, कारण पेपरवाले "तिकीट ऑनलाइन आणलं" एवढ्यावर थांबतात. वेबसाइट कुणीपण काढली असती. तुम्ही आधी मालकांकडं गेला, त्यांच्या क्लार्कच्या पुढ्यातला तो कागद कॉम्प्युटरवर आणला, बस ऑपरेटरसाठी वेगळं सॉफ्टवेअर करून दिलं, त्यामुळं एकच चार्ट सगळ्यांना एका वेळी दिसायला लागला. बेंगळूरात एक सीट गेली की निपाणीच्या स्क्रीनवर ती त्याच मिनिटाला गेलेली. हे काम दिसायला साधं वाटतं, पण ज्या धंद्यात कुणाच्या कोट्यात किती सीटा हे मालक आपल्या सख्ख्या भावाला पण सांगत नव्हते त्या धंद्यात तुम्ही तिघं इंजिनियर पोरं, ट्रॅव्हल्सची कसलीच ओळख नसलेली, जाऊन चार्ट उघडा करा म्हणून सांगत होता. २००६ साली! तेव्हा फ्लिपकार्ट पण निघालेलं नव्हतं, यूपीआय यायला दहा वर्षं होती, नेटवर कार्डाचा नंबर टाकायचा म्हटलं तर लोक घाबरायचे.

आता आमचं. रेडबसचं नाव आमच्या भागात ऐकू यायला लागलं तेव्हा एजंट लोकांत एकच बोलणं, आता आपलं दुकान बंद. बाबा पण गप्प गप्प असायचे. गिऱ्हाईक घरात बसून तिकीट काढणार म्हटल्यावर काउंटरवर कोण येतंय. पण तुम्ही एजंटाला बाजूला टाकलं नाही. सीटसेलर म्हणून एजंटांसाठीच सिस्टीम काढली, तिच्यातनं आमच्यासारख्या छोट्या काउंटरला पण सगळ्या ऑपरेटरांच्या सीटा विकता यायला लागल्या, कमिशन ठरलेलं, हिशोब स्पष्ट. आधी बाबांच्या बोर्डावर दोन-तीन ट्रॅव्हल्सची नावं असायची. सीटसेलर आल्यावर गोवा, हैदराबाद, कुठलंपण तिकीट निपाणीत बसून देता यायला लागलं आणि परतीचं पण. आमचं दुकान टिकलं ते यामुळं, माझं कॉलेज पण त्याच कमिशनवर झालं.

आणि काउंटरची गरज संपली नाही बरं का. भोज, कारदगा, गळतगा, असल्या आसपासच्या गावातनं अजून लोक येतात. मोबाईल आहे, पण एवढे पैसे एका बोटावर जाणार म्हटलं की त्यांना माणूस समोर पाहिजे. मागं एक आजी आल्या होत्या, नातवाला घेऊन, मुलाचा उपचार बेंगळूरच्या किदवाई कॅन्सर हॉस्पिटलात चालू, त्याला चढउतार जमत नाही आणि झोपूनच जायला लागणार. मी मॉनिटर त्यांच्याकडं फिरवला आणि सीटांचं चित्र दाखवलं, ही खालची, ही वरची, हे दार, हा मागचा टायर जिथं हादरे बसतात. आजीनं बोट ठेवून पुढची खालची स्लीपर निवडली. चष्मा पुसून परत एकदा बघितली आणि म्हणाल्या, "हीच दे बाळा, आणि येतानाची पण हीच." आधी त्याच बाईला क्लार्क म्हणाला असता मागची आहे, घ्यायची तर घ्या. आपल्या पैशाची सीट आपण निवडायची, हे खेड्यातल्या माणसाला पहिल्यांदा तुमच्या त्या चित्रामुळं मिळालं, असं मला मनापासून वाटतं.

लेडीज सीटचं पण तसंच. शेजारी बाईच असणार हे आधी दिसतं म्हणून किती आयांनी पोरींना एकटं पाठवायला सुरुवात केली ते मी काउंटरवर बसून बघितलंय. बोर्डिंग पॉइंट ठरलेला, गाडीचा नंबर मोबाईलवर येतो, गाडी कुठवर आली ते कळतं. शिवाय रेटिंग. प्रवाशानं गाडीला मार्क द्यायचे म्हटल्यावर ब्लँकेटं धुवायला लागले काही मालक, हे पण सांगायलाच पाहिजे.

सगळं सुटलं असं नाही. गणपतीला आणि दिवाळीला भाडं अजून आभाळाला भिडतं, पुण्यातल्या आमच्या पोरांना ते परवडत नाही आणि ती एसटी बदलत बदलत येतात. ते तुमच्या हातातलं नव्हतं, पण निदान आता भाडं किती ते सगळ्यांना सारखं दिसतं, तोंड बघून रेट सांगता येत नाही.

२०१३ मध्ये तुम्ही रेडबस इबिबो ग्रुप या ऑनलाइन ट्रॅव्हल कंपनीला विकली, पुढं ती मेकमायट्रिप या तसल्याच कंपनीच्या घरात गेली, पेरू-कोलंबियापर्यंत पोचली, तुम्ही स्वतः तेलंगण सरकारचे पहिले चीफ इनोव्हेशन ऑफिसर झाला. विकल्याची बातमी आली तेव्हा काही जण म्हणाले बघा, पैसे करून मोकळे झाले. बाबांना ते आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, ज्यानं कमावलं त्यानं दुसऱ्याच्या पोटावर पाय न देता कमावलं, मग घेऊ दे की.

सर, आणखी एक काम सांगते. सुरुवातीच्या काळात तुमच्याकडं जी पोरं-पोरी कामाला होती, जी ऑपरेटरांच्या ऑफिसात जाऊन आयुष्यात माऊस न धरलेल्या क्लार्कना शेजारी बसून चार्ट शिकवायची, आणि जी रात्री-अपरात्री गाडी चुकलेल्या माणसाचा फोन घ्यायची, त्यांची नावं कुठं छापून आली नाहीत. त्यांच्यातल्या कुणाशी अजून बोलणं होत असेल तर आमचे आभार त्यांना पण कळवा. बाबांनी पण नमस्कार सांगायला लावलाय.

तुमची,
निपाणीच्या तिकीट काउंटरवरची मुलगी