चवथीला दोन बाळं घरात असताना

ती. आई-बाबांना सा. न.

चवथ तोंडावर आली. यंदा घरात दोन बाळं असतील, माझी ७ महिन्यांची आणि दादाचा सव्वा महिन्याचा. आपला गणपती दीड दिवसाचा असला तरी माणसं आठवडाभर येत-जात राहणार, भाद्रपदातला ओलावा असणार आणि येणाऱ्यांत कुणाचं तरी नाक वाहत असणारच. सणानंतर मी पणजीला परतेन तेव्हा पोरगी तुमच्याकडेच राहील. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून सगळं लिहूनच काढते. हा कागद फ्रीजवर लावून ठेवा.

सर्दी एकच असली तरी दोघांचे नियम वेगळे आहेत. थोरलीला नुसती सर्दी झाली तर घरी सांभाळता येते. पहिल्या वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं काही वावगं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जास्त त्रास देते आणि दहा-बारा दिवसांत ओसरते. धाकट्याचं तसं नाही. त्याची प्रतिकारशक्ती अजून कच्ची आहे, ६ आठवड्यांच्या लसीही व्हायच्या आहेत. या वयात रक्तातला जंतुसंसर्गसुद्धा नुसत्या तापाने किंवा नुसतं दूध सोडण्याने सुरू होतो, दुसरं काही दिसतच नाही. त्यामुळे काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरलं तर आधी दुपटी सैल करायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं आणि तेवढंच असेल तर निघायचं. मध्यरात्र असली तरी. १००.४ असेल तर पंधरा मिनिटंही थांबू नका. अंग गार पडून ९६ च्या खाली गेलं तरी ते तितकंच वाईट. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. औषधाने ताप झाकला जातो, आजार आत चालूच राहतो.

थर्मामीटर काखेतलाच वापरा, डिजिटल. कपाळावर रोखायची ती बंदूक तान्ह्या बाळाला भरवशाची नाही. काखेतला घाम पुसा, टोक काखेच्या खोलगट भागात बसवा, हात छातीशी धरून ठेवा आणि बीप वाजेपर्यंत सोडू नका. आंघोळीनंतर लगेच किंवा दुपट्यात करकचून गुंडाळलेलं असताना मोजलेला आकडा धरू नका.

आता श्वासाचं. आई, तुला शेंबूड किती, कसला, पिवळा की हिरवा याची काळजी लागते. रंगाकडे दुर्लक्ष कर. साध्या व्हायरसच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो. बघायचं ते पोट आणि बरगड्या. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगडं वर कर आणि पोट किती वेळा वर येतं ते मोज. बाबा, तुम्ही सेकंदकाटा बघत बसा. पूर्ण ६० सेकंद मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चौपट करायची नाही, कारण बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्येच पाच-सात सेकंद थांबून पुन्हा भरभर घेतात, तान्ह्यांत ते नेहमीचंच. रडताना किंवा दूध प्यायल्या प्यायल्या मोजलेलं चालणार नाही. तापातही श्वास वाढतो, म्हणून थोरलीचा ताप उतरल्यावर एकदा परत मोजा.

धाकट्याला मिनिटाला ६० किंवा जास्त, थोरलीला ५० किंवा जास्त असले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा, आणि आकडा तोच आला तर डॉक्टरांकडे न्या.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे श्वास घेताना बाळाला किती जोर लावावा लागतो. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्या संपतात तिथे, आत खेचला जातो का? नाकपुड्या फुलतात का? प्रत्येक श्वासासोबत मान हलते का? श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येतो का? तान्ह्याची छाती मऊ असते, त्यामुळे धाकट्याची थोडीशी आत जाताना दिसली तर घाबरू नका. पण खोल खड्डा पडत असेल, सतत पडत असेल, तर तो धोका आहे.

घरघरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण रात्री त्याच आवाजाने सगळे उठून बसतात. पहिल्या महिन्यांत बाळं बहुतेक नाकानेच श्वास घेतात, म्हणून जरा शेंबूड अडकला की खोलीभर ऐकू जाईल असा आवाज येतो आणि छातीवर हात ठेवला तर हाताला थरथरही लागते. तो कफ छातीतला असेलच असं नाही. नाक साफ करा आणि परत ऐका. आवाज गेला किंवा निम्मा झाला तर भानगड नाकातली. नाक मोकळं होऊनही श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज राहिला, श्वास भरभर चालला, तर छातीतल्या बारीक नळ्या सुजल्या असण्याची शक्यता धरा. त्याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. एक वर्षाच्या आतल्या बाळांना तो जास्त धरतो. त्याची सुरुवात अगदी साध्या सर्दीसारखी होते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो जोर धरतो. म्हणून पहिली शिंक आली त्या दिवसावर कालनिर्णयवर खूण करा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी 'काही नाही' म्हटलं असलं तरी चौथ्या दिवशी श्वास वाढला तर पुन्हा जायचं. मध्यंतरी आजार पुढे गेलेला असतो, त्यामुळे 'परवाच तर दाखवलं' हे कारण धरून घरी बसू नका. अशा वेळी शेजारचं नेब्युलायझर मागून आणू नका. त्यातल्या औषधाचा या आजारात बहुधा उपयोग होत नाही आणि वेळ मात्र जातो.

नाक साफ करायला सलाइनचे थेंब दादाबरोबर पाठवते. बाटलीवर सोडियम क्लोराइड ०.६५ टक्के असंच लिहिलेलं हवं. मोठ्या माणसांचे नाक उघडणारे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे, बाबांच्या कपाटात आहेत. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, म्हणून बाबांची बाटली वेगळ्या खोलीत ठेवा. तान्ह्याला ते थेंब गेले तर गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. सलाइनचे प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब घालून मिनिटभर थांबायचं. मग रबरी फुग्याने ओढायचं. फुगा आधी दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं, मग हळू सोडायचा. नाकात घालून दाबला तर शेंबूड आणखी आत जातो. हे दूध पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी करा, म्हणजे नाक मोकळं असताना बाळ ओढू शकेल. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका, आतली त्वचा सुजते आणि नाक आणखीच चोंदतं.

आता आई, तुझ्या कपाटाकडे वळते. रागावू नकोस. ओवा-लसणीची पुरचुंडी पाळण्यापासून लांब टांगलीस तर माझं काही म्हणणं नाही, पण शेगडीवर ओव्याची धुरी नको. सुजलेल्या नळ्यांना धुराने आणखी त्रास होतो. डासांची कॉइल, अगरबत्ती, फटाके यांचंही तेच. बाळांना मखराच्या खोलीत दर्शनापुरतं न्यायचं आणि आतल्या खोलीत परत आणायचं. नाकात कोमट खोबरेल तेल घालू नकोस. ते श्वासातून फुप्फुसात उतरतं आणि तिथून निघत नाही, वेगळाच न्यूमोनिया होतो. छातीला कापराचं तेल, बाम नको, कापूर पोटात किंवा कातडीतून जास्त गेला तर झटके येतात. फेणी चोळायची तर नावच काढू नका, तान्ह्याच्या कातडीतून दारू अंगात भिनते. वेखंडाचं बोट चाटवणं, गुटी, मध यातलं काहीच नको. मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, अंग लुळं पडतं. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफही नको. वाफेने फारसा फायदा होत नाही, पातेलं कलंडलं तर मात्र बाळ भाजतं.

खोकल्याचं औषध दोघांनाही नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला कफ सिरपने मुलं दगावली, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. त्या सिरपमध्ये मूत्रपिंडं निकामी करणारं डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत, दुकानातूनही देऊ नयेत, अशी सूचना काढली. भेसळ नसलेली बाटलीसुद्धा या वयात सर्दी लवकर बरी करत नाही, झोप मात्र आणते आणि झोपाळलेल्या बाळाचा श्वास तपासणं अवघड होतं. मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिकची बाटली टाकून द्या. व्हायरसवर ती चालत नाही, आणि पाणी घालून कालवलेलं ते औषध आठवड्याभरानंतर कामाचंही राहत नाही.

पॅरासिटामॉल फक्त थोरलीला, तेही ताप असेल आणि ती कासावीस असेल तर. वजन आता ७ किलो आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅमचा हिशेब धरला तर साधारण १०० मिलिग्रॅम होतात. इथेच घोळ होतो. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये मात्र ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. सिरपचा चमचा समजून थेंबांचं औषध ५ मिलिलिटर दिलं तर पाचपट डोस जाईल. मी थेंबांचीच बाटली ठेवून जाईन, १ मिलिलिटरची खूण असलेला ड्रॉपर त्यातच आहे. दोन डोसांत किमान ४ तास, दिवसरात्रीत ४ पेक्षा जास्त नाही, आणि दिलेली वेळ कागदावर लिहा. पावसात डेंग्यू असतो, त्यामुळे आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका.

दूध आणि शू यांचाही हिशेब ठेवा. थोरली सर्दीत कमी पिणार, तिला थोडं थोडं पण वरचेवर द्या, पातळ पेज चालेल. नेहमीच्या निम्म्याहूनही कमी पीत असेल, ६ ते ८ तास डायपर कोरडा असेल, तोंड सुकलेलं किंवा टाळू खोल गेलेली असेल तर न्या. ताप १०२ च्या वर गेला, दोन दिवसांहून जास्त टिकला किंवा एक दिवस उतरून परत आला, कान ओढून रडू लागली, कानातून पू आला, तरी डॉक्टरांना दाखवा. धाकट्याने ओळीने दोन वेळा दूध नाकारलं की तेवढं पुरे, त्याच्यासाठी ताप यायची वाट बघू नका. त्याला पाणी, काढा काहीही पाजायचं नाही. दोघांनाही उताणंच झोपवा, डोक्याखाली उशी नको.

ओठ किंवा जीभ निळी-राखाडी दिसली, श्वास थांबला, बाळ लुळं पडलं, उठवून उठेना, झटका आला किंवा प्रत्येक श्वासाला कण्हत असेल तर मला फोन नंतर करा, आधी १०८ ला. बाकी वेळी वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात गाडीने न्या, ते जवळ आहे. तिथून गरज वाटली तर तेच बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पाठवतील. वाटेत ऑक्सिजन लागू शकतो, म्हणून थेट बांबोळीचा तासाभराचा रस्ता आपल्या गाडीने धरू नका. लसीकरणाचं कार्ड, पॅरासिटामॉलच्या वेळा, शेवटचं दूध आणि शेवटची शू कधी हे सगळं सोबत असू दे. बाबा, तुमचा कोरोनातला बोटाचा ऑक्सिमीटर बाळांच्या बोटाला नीट बसत नाही. त्यावर ९८ दिसलं म्हणून थांबू नका, ८८ दिसलं म्हणून घाबरूही नका.

पाहुण्यांचं काम मात्र तुम्हालाच करावं लागेल, माझं कुणी ऐकणार नाही. ज्याला शिंका-खोकला आहे त्याने बाळ हातात घ्यायचं नाही. बाकीच्यांनी साबणाने हात धुऊन घ्यायचं आणि चेहऱ्याचा मुका घ्यायचा नाही. काकूला राग येईल, तो मी फोनवर घालवेन.

थर्मामीटरची बॅटरी आजच तपासून बघा. वाळपईत न मिळाल्यास कळवा, दादा शनिवारी निघायच्या आधी म्हापशाला घेईल.

तुमची लेक