चिंधी बांधलेलं फळ देणाऱ्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

तुमच्या नातीने मोबाईलवर वाचून दाखवावं म्हणून हे लिहिते आहे. त्या दिवशी तुम्ही "येतो आता" म्हणून भाजीची रिकामी पाटी उचललीत आणि वडगावच्या वाटेला लागलात. मला तेव्हा धड बोलताच आलं नाही.

बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या परड्यात आई कायम टोमॅटो लावायची. दसऱ्याच्या सुमारास रोपं, संक्रांतीच्या आसपास फळं, मग उन्हाळा लागेपर्यंत घरात सार. अलीकडे मात्र दरवर्षी एकच व्हायचं. हिरवीगार रोपं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी जरा सावरायची आणि फुलं लागता लागता उभीच्या उभी वाळून जायची. पान पिवळं नाही, डाग नाही, काही नाही.

दुकानात गेलं की नवी बाटली हातात पडायची. आधी बुरशीचं औषध, मग किडीचं, मग कसलंसं टॉनिक. झाड उपटून आणून दाखवा, असं एकालाही म्हणावंसं वाटलं नाही. जिथून रोपं घेतली तिथे वाण कुठलं विचारलं तर "हायब्रीड आहे, न्या" एवढंच उत्तर. मला राग त्या पैशांचा नाही. या सगळ्यात आई म्हणायला लागली की माझा हातच राहिला नाही आता, आणि तिने परड्यात जाणं सोडलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या हाताबद्दल असं वाटावं, हे मला अजून सहन होत नाही.

तुमच्याकडून मी फक्त भाजी घ्यायची. बोलता बोलता हे निघालं आणि तुम्ही बाजार उठल्यावर थेट घरी आलात. वाळत चाललेल्या रोपाचा बुंध्याजवळचा तुकडा कापलात, काचेच्या पेल्यातल्या पाण्यात धरलात. थोड्या वेळाने कापल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरायला लागला. तुम्ही पेला माझ्याकडे नाही, आईकडे नेलात. "बघा आई, रोग मातीत हाय. तुमच्या हातात न्हाई." हे वाक्य आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

मग तुम्ही वाणांबद्दल जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. हा मातीतला रोग म्हणजे मर. मर रोग लागलेल्या वाफ्यात टोमॅटो नको, वांगं, मिरची, बटाटाही नको. तिथे मका घ्या. लावायचाच झाला तर बेंगळूरच्या हेसरघट्ट्याच्या संस्थेचा अर्का रक्षक, कारण तो मर, पर्णगुच्छ म्हणजे पानं आकसवणारा रोग आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना तोंड देतो. पण तो संकरित, त्याचं बी पुढच्या वर्षाला धरायचं नाही. बी धरायचं तर पुसा रुबीसारखं सरळ वाण घ्या, किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं धनश्री. राहुरीचंच भाग्यश्री रंगाला लालभडक, बी कमी, पण सारासाठी तुमचं मत गावठीलाच. माझंही. अर्का रक्षकचं फळ टणक, टिकाऊ, कोशिंबिरीला छान. साराला मात्र पातळ सालीचं, उभ्या कंगोऱ्यांचं, जिभेला झोंबणारं आंबट फळच हवं.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते. पुढच्या बाजाराला तुम्ही पदराच्या टोकातून एक गावठी टोमॅटो काढलात. देठाला निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली. ज्याने शेत केलंय त्याला ती चिंधी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ते फळ कोणी तोडत नाही, विकत नाही, घरातलं पोरही हात लावत नाही. पुढच्या सालाचं बी त्यात असतं. ते तुम्ही माझ्या हातावर ठेवलंत. पैसे पुढे केले तर हात मागे सारलात आणि सांगितलंत, गर वाटीत दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा, आणि नव्या मातीच्या पोत्यात लावा, वाफ्यात नको.

आपल्या या सीमाभागाबद्दल बाहेर जे बोललं जातं ते पाट्यांचं, भाषेचं, मोर्च्यांचं. तुम्ही घरी कन्नड बोलता, आमच्याशी मराठी, आणि आईशी बोलताना तर दोन्ही मिसळून. बाजारात बसणाऱ्या बायांनी इथे किती घरांना असं धरून ठेवलंय, ते कुठे छापून येत नाही. बाळंतिणीला शेपू राखून ठेवणाऱ्या, पैसे विसरलेल्या म्हाताऱ्याला "उद्या द्या" म्हणणाऱ्या, ओळख नसताना पोराच्या हातात गाजर देणाऱ्या. अशी माणसं आहेत म्हणून या गावात राहावंसं वाटतं.

पोत्यांतली रोपं आता आईच्या कमरेला लागतात. तिने स्वतः बांबू रोवून सुतळीने बांधलीत. सकाळी चहा घेऊन ती तिथेच बसते. काही पानांखाली पांढरी माशी दिसते आहे, तिचं काय करायचं ते तुम्हालाच विचारा म्हणते. तिला तुमचं शिवार बघायचंय. भाताची कापणी उरकली की तिला घेऊन यावं म्हणते. कुठल्या दिवशी आलेलं चालेल, तेवढं नातीकडून कळवा.

तुमची,
अनगोळची, रोज पाव किलो टोमॅटो नेणारी