बायोफार्माची पदवी, पण जिवंत पेशी पाहिलेलीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्यांत ‘बायोफार्मा’, म्हणजे जिवंत पेशींकडून औषधे बनवण्याचा उद्योग, हमखास झळकतो. लिहिणारे काही खोटे लिहीत नाहीत. हैदराबादच्या शांता बायोटेकने १९९७ मध्ये हेपटायटिस-बीची जनुकीय तंत्राने बनवलेली लस आणली, २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने रिटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या औषधाचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती, बाजारात आणले, आणि आज पुण्याच्या आसपासच लशी, इन्सुलिन, कर्करोगावरच्या अँटिबॉडी (नेमक्या लक्ष्याला चिकटणारी प्रथिने) बनवणारे कारखाने आहेत. नोकऱ्याही आहेत. मात्र हा विषय विद्यापीठात शिकवला कसा जातो, त्याबद्दल या पुरवण्यांत चकार शब्द नसतो. मी अशाच एका कारखान्यात प्रथिनांच्या शुद्धीकरणाच्या, आमच्या भाषेत ‘डाउनस्ट्रीम’च्या, विभागात काम करते. नव्या मुलामुलींच्या मुलाखती घ्यायला बसावे लागते, म्हणून हे पत्र.

फार्मसी कौन्सिलने २०१७-१८ पासून राबवलेला बी. फार्मचा अभ्यासक्रम कुणीही उघडून पाहावा. सहाव्या सत्रात ‘फार्मास्युटिकल बायोटेक्नॉलॉजी’ आहे. तास ४५. त्यात जनुकीय अभियांत्रिकी आहे, इंटरफेरॉन आणि इन्सुलिन आहे, हायब्रिडोमा तंत्र (दोन पेशी जोडून अँटिबॉडी बनवणारी पेशी तयार करणे) आहे, पेनिसिलिनपासून व्हिटॅमिन बी-१२ पर्यंतचे किण्वन आहे, फर्मेंटरची, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवण्याच्या टाकीची, रचना आहे. प्रॅक्टिकल मात्र नाही. त्याच सत्रात मेडिसिनल केमिस्ट्रीला, फार्माकॉलॉजीला आणि हर्बल औषधांना स्वतंत्र प्रॅक्टिकल आहे. म्हणजे विद्यार्थी आसव-अरिष्टातले अल्कोहोल स्वतःच्या हाताने मोजतो (मोजावेच, माझी तक्रार नाही), पण जिवंत पेशीपासून औषध कसे बनते ते फळ्यावरच्या आकृतीतून शिकतो. फर्मेंटर काढा, भागांना नावे द्या, गुण घ्या.

यात काय बिघडते ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. पॅरासिटामॉलच्या रेणूचे वजन १५१, अँटिबॉडीचे सुमारे दीड लाख. इतका अवाढव्य रेणू रसायनांच्या भांड्यात जुळवता येत नाही, तो पेशीकडूनच करवून घ्यावा लागतो. त्यासाठी बहुतेक ठिकाणी चायनीज हॅम्स्टरच्या अंडाशयातून आलेल्या सीएचओ पेशी वापरतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेली छोटी कुपी वितळवायची, पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या, मग पायरीपायरीने मोठ्या टाकीत म्हणजे बायोरिअॅक्टरमध्ये, हजार-दोन हजार लिटरपर्यंत. बॅच साधारण दोन आठवडे चालते. या काळात तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन यांत थोडा फरक पडला तरी प्रथिनावर चढणाऱ्या साखरेच्या साखळ्या बदलू शकतात, आणि त्या बदलल्या की औषधाचा गुण बदलू शकतो. घरी दही लावणाऱ्यांना हे समजावे लागणार नाही : दूध तेच, विरजण तेच, तरी थंडीतले दही वेगळे. फरक इतकाच, की आमच्याकडे ‘वेगळे’ लागून चालत नाही. पुढे कॉलममधून, म्हणजे प्रथिन धरून ठेवणाऱ्या बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, प्रथिन पकडायचे, आम्लात ठरावीक वेळ ठेवून विषाणू निष्क्रिय करायचे, अतिसूक्ष्म गाळणीतून गाळायचे, आणि प्रत्येक हालचाल त्याच क्षणी बॅच रेकॉर्डमध्ये लिहायची. हे पाठांतराने येत नाही.

मुलाखतीत हायब्रिडोमाची व्याख्या घडाघड येते. ‘फ्लास्कमधल्या किती पेशी जिवंत आहेत हे कसे तपासशील?’ असे विचारले की ट्रिपॅन ब्लू या रंगाचे नावही येते. पण सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या दिसतात त्या मेलेल्या की जिवंत, इथे गाडी अडते. (मेलेल्या. जिवंत पेशी रंग आत येऊ देत नाही.) एकदा हाताने केले असते तर जन्मभर विसरले नसते. मुलांना मी दोष देत नाही. बायोटेक्नॉलॉजी घेऊन एम. एस्सी. केलेल्यांची स्थिती थोडी बरी असते, त्यांनी पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणे) केलेला असतो, जेल (रेणू आकारानुसार वेगळे करणे) चालवलेले असते. पण गाऊनिंग (निर्जंतुक पोशाख चढवणे), निर्जंतुक जोडणी, चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ मारून सही-तारीख टाकणे, या गोष्टी त्यांनाही नव्या असतात.

मग पदवीनंतर काय? खासगी संस्थांचे काही महिन्यांचे ‘इंडस्ट्री रेडी’ कोर्स. चार वर्षांची फी भरलेले पालक पुन्हा पैसे भरतात, आणि मुलाला तिथे पहिल्यांदा बायोरिअॅक्टर दिसतो.

महाविद्यालये म्हणतात, हे सारे महाग आहे. खरे आहे, अँटिबॉडी पकडणाऱ्या प्रोटीन-ए कॉलमची किंमत आम्हालाही झोंबते. पण शिकवायला अँटिबॉडीच लागते असे कुठे आहे? ई. कोलाय या जिवाणूमध्ये हिरवे चमकणारे जीएफपी प्रथिन तयार करता येते. दोन लिटरचा काचेचा फर्मेंटर, छोटा कॉलम आणि एक यूव्ही दिवा पुरतो. प्रथिनाचा हिरवा पट्टा कॉलममधून खाली सरकताना डोळ्यांना दिसतो, आणि क्षाराचे प्रमाण चुकले तर तो का पसरला ते तिथेच कळते. एवढे प्रॅक्टिकल अभ्यासक्रमात घालायला फार्मसी कौन्सिलला काय अडचण आहे?

मोठी यंत्रे प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावीत असे मी म्हणणार नाही. आयर्लंडने डब्लिनमध्ये ‘निबर्ट’ नावाची संस्था उभारली आहे. खऱ्या कारखान्यासारखा प्लांट, पण केवळ प्रशिक्षण आणि संशोधनासाठी. सरकारी पैसा, चार शिक्षणसंस्थांची भागीदारी आणि कंपन्यांचे कर्मचारीही तिथेच शिकायला. आपल्याकडे जागा शोधत फिरायचीही गरज नाही. १८९७ मध्ये हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली, १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला गेली, तिथली संस्था आजही राज्य सरकारची आहे आणि लस बनवणारे महामंडळही सरकारचेच. राज्यातल्या फार्मसी आणि बायोटेकच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने तिथे येऊन एक बॅच पूर्ण करावी, असे केंद्र परळला का होऊ नये?

आपला अनुभव मात्र घोषणांचा आहे. २०१५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राजस्थान आणि छत्तीसगडबरोबर महाराष्ट्रालाही ‘नायपर’ (केंद्राची औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था) जाहीर झाले होते. देशात सात नायपर चालतात, महाराष्ट्रात एकही नाही. उलट नवी फार्मसी महाविद्यालये काढायला कुणाचीच ना नाही. २०१९ मध्ये कौन्सिलने त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती, ती २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. अशी बंदी घालण्याचा अधिकार कायद्याने होता की नाही, हा प्रश्न न्यायालयाने निकालात काढला. जागा भरमसाट वाढल्या, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

आमच्या कंपन्यांनाही मी सोडणार नाही. विद्यार्थ्यांची ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ म्हणजे काचेपलीकडून बघत कॉरिडॉरमधून फेरी, मग चहा-सामोसा आणि ग्रुप फोटो. जीएमपीचे (औषधनिर्मितीच्या दर्जाच्या नियमांचे) कारण पुढे केले की कुणी पुढे विचारत नाही. चालू बॅचजवळ परक्याला नेता येत नाही हे मान्य, पण जुना झालेला बायोरिअॅक्टर, मुदत संपलेले कॉलम, सरावाची कोरी बॅच रेकॉर्ड महाविद्यालयांना द्यायला कोणत्या नियमाची आडकाठी आहे? ते न देता ‘फ्रेशर्सना काही येत नाही’ म्हणत आपण शेजारच्या कंपनीतली अनुभवी माणसे पळवतो.

प्रवेशाच्या फेऱ्या चालू आहेत, म्हणून पालकांना एवढेच सांगते. महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा फलक नंतर वाचा, आधी प्रयोगशाळा उघडायला सांगा. फर्मेंटर आहे का, किती लिटरचा, गेल्या सत्रात तो कोणत्या वर्गाने चालवला, आणि त्याचे लॉगबुक कुठे आहे, हे विचारा. तज्ज्ञ मंडळींची तपासणी येते तेवढ्यापुरताच तो पुसून ठेवत असतील, तर लॉगबुक कोरे सापडेल.

आपली,
एक वाचक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)